खंडोबाकडं पाठ करून लावलेली गाडी

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की हा माणूस पहिल्यापासूनच मोठा भक्त होता. आमच्या घरातली भक्ती सगळी सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या वाट्याची होती आणि माझ्या वाट्याला गाडी होती. एकतीस वर्षांच्या संसारात ही वाटणी आम्ही कधी मोडली नाही. ती देवाचं बघायची, मी डिझेलचं आणि टायरचं बघायचो. मागच्या श्रावणात ती गेली. तीन महिने अंथरुणाला होती. त्या तीन महिन्यांत मी, ज्याला आरतीसुद्धा नीट पाठ नाही, रोज खंडोबापुढं जाऊन उभा राहिलो. काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी आणि देव, दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

आमचं गाव बीडकडं, लिंबागणेशच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगराच्या उतरणीला. घर गावाच्या कडेला, मागं मोकळा माळ. माळ हळूहळू चढत जातो आणि वर टोकाला खंडोबाचं ठाणं आहे. चार दगडी खांब, वर पत्रा, आत हळदीनं पिवळा झालेला देव. माझा जुना सहाचाकी ट्रक या माळावरच उभा असतो. कापूस, कडबा, कांदा, मिळेल ते भरून मी गेवराई, अंबाजोगाई, कधी घाटनांदूरपर्यंत जाऊन येतो. सुमनचा दंडक असा, की गाडी परत आली की तिचं तोंड खंडोबाकडं करून लावायची. म्हणायची, "तोंड तिकडं असलं म्हंजी सकाळी त्याला इचारून निघाल्यावानी व्हतंय." मी म्हणायचो, त्याला काय आरटीओ नेमलंय का. ती हसायची नाही. सकाळी ती बंपरला भंडारा लावायची, पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी घालायची आणि मगच मी सेल्फ मारून गाडी सुरू करायचो. ती गेल्यावरही मी गाडी तशीच लावत राहिलो. देवासाठी नव्हे. एवढ्या वर्षांची सवय लागलेला हात स्टेअरिंग आपोआप तिकडं वळवायचा, आणि ते बंद केलं असतं तर तिचं आणखी एक काहीतरी संपलं असतं.

तिचा दुसरा दंडक काळ्या दोऱ्याचा. गाडीत नवीन काही बसवलं, मग ते टायर असो की बॅटरी, की तिथं जवळपास काळा दोरा बांधायचा. नजर लागू नये म्हणून. ती बांधायची इतका सैल, की आठ-पंधरा दिवसांत तो रस्त्यावर कुठंतरी गळून पडायचा. मी चिडवायचो, की तुझा दोरा गेवराईच्या पुढं काही टिकत नाही. ती म्हणायची, "पडला तर पडू दे. दुसरा बांधू. दोऱ्याला काय तोटा हाय?"

दिवाळीनंतर गाडीच्या डिझेलचं काम निघालं. बीडला माझे जुने मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी पंप उतरवून सेट करून आणला, नोझल साफ केले, फिल्टर बदलला आणि टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल ओढणारा पाइप नवा टाकला. त्यांच्या दारात गाडी एका सेल्फला उठली. मी खुशीत घरी आलो, गाडी खंडोबाकडं तोंड करून लावली, आणि मग आठवलं की नवा पाइप पडलाय, दोरा कोण बांधणार. सुमनच्या हळदी-कुंकवाच्या डब्यात तिचं दोऱ्याचं रीळ सापडलं. त्यावर वीतभरच दोरा उरला होता. तेवढा घेऊन मी गाडीखाली शिरलो. माझी बोटं जाड. पाइपाला बांधलेला दोरा दोनदा घसरून खाली पडला. तिसऱ्यांदा मात्र मी तो असा बसवला, की जन्मात सुटणार नाही. त्या संध्याकाळी मला जरा बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उठेना. सेल्फ मारला की इंजिन नुसतं घरघर फिरायचं, पकडायचं नाही. सायलेन्सरमधून धूरसुद्धा नाही, म्हणजे डिझेल वर पोचतच नव्हतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, डिझेलचा छोटा हातपंप मारत राहायचं, आधी नुसता फेस यायचा, मग साफ डिझेल. स्क्रू आवळायचा आणि पुन्हा सेल्फ. असं चार-पाच वेळा केल्यावर पांढरा धूर ओकत एकदाची उठायची. एकदा उठली की दिवसभर बिनतक्रार. बाजारात, गोदामात, कुठंही बंद करून पुन्हा सुरू करा, लगेच पकडायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या माळावर पुन्हा तेच.

पूर्वी असं काही झालं की मी खाली हातपंपाशी असायचो आणि सुमन वर केबिनमध्ये चावी धरून बसायची. मी "मार" म्हटलं की ती सेल्फ मारायची, "बास" म्हटलं की सोडायची. आता मीच खाली, मीच वर. पंप मारायचा, केबिनमध्ये चढायचं, सेल्फ मारायचा, उतरायचं, पुन्हा पंप. एकदा सवयीनं खालूनच ओरडलो, "मार." माळावर माझाच आवाज फिरून परत आला. मी हातातला पाना खाली ठेवून चाकाला टेकून बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

चाचांकडं दोनदा गाडी नेली. त्यांच्या सपाट आवारात ती शहाण्या पोरीसारखी एका सेल्फला उठायची. चाचांनी दोन्ही वेळा गाडीखाली झोपून एकेक जोड आवळून बघितला. सगळे घट्ट. कुठं डिझेलचा ओलावा नाही. ते म्हणाले, "हवा धरतीया गाडी. कुठनं तरी हवा आत ओढती. मी काम केल्यावर कुणी हात लावला व्हता का?" मी छातीला हात लावून सांगितलं, "कुणी न्हाई." आणि मी खोटं बोलत नव्हतो. तसंच मला वाटत होतं.

मग लोक सांगतील ते केलं. बॅटरी बदलली, सेल्फ उघडला, फिल्टर पुन्हा नवा टाकला. संक्रांत गेली, उन्हं तापायला लागली. रोज सकाळी पाऊण तास. ठरल्या वेळी पोचत नाही म्हणून बोलावणारे कमी झाले. चावडीवर कुणीतरी म्हणालं, "बाई गेली आन् गाडी रुसली बे." तो हसण्यावारी बोलला. मी घरी येऊन भाकरी न थापताच झोपलो. एकट्या माणसाच्या घरात कुणी विचारतही नाही, जेवलास का म्हणून.

लेक पुण्याला असते. फोनवर रोज एकच, "आण्णा, ती गाडी काढून टाका आणि आमच्याकडं या. तिथं एकटे कशाला राहता?" जावई चांगला माणूस आहे, तोही आग्रह करायचा. पण गाडी गेली तर माझ्याजवळ काय उरतं? सुमननंतर मी दिवसभर जिच्याशी बोलायचो ती ही गाडीच. सकाळी तिला शिव्या द्यायचो, संध्याकाळी तिला थोपटायचो. तरी शेवटी मी हरलो. धड चालणारी असती तर कुणी चालवायला घेतली असती. रोज हटून बसणारी जुनी गाडी फक्त भंगारवाला घेतो, आणि तो ती कापतो. गेवराईच्या एका भंगारवाल्याला मी हो म्हणालो. तो म्हणाला, शुक्रवारी दुपारी येतो.

गुरुवारी सकाळी शेजाऱ्याचा कडबा आणायचा होता. ती शेवटची खेप. गाडीनं त्या दिवशी हद्द केली. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली तरी उठली नाही. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढली तेव्हा पकडली. कडबा आणून शेजाऱ्याच्या दारात उतरवला. संध्याकाळी परत आलो, माळावर चढलो, सवयीनं स्टेअरिंग वर वळवू लागलो आणि समोर खंडोबाचं ठाणं दिसलं.  मी म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, "एवढी वर्षं तुझ्याकडं तोंड करून गाडी उभी केली. तिनं तुला हळद लावून लावून हात पिवळे केले. तू काय दिलंस? बघूच नको आता माझ्याकडं." आणि मी गाडी पूर्ण फिरवली. तोंड उताराकडं, पाठ देवाकडं. गाडी पहिल्यांदाच तशी लावली होती. चावी खिशात टाकून खाली उतरलो, परत वळवली नाही.

शुक्रवारी सकाळी केबिनमध्ये बसलो. भंडारा नाही, पाणी नाही. पाऊण तासाची तयारी ठेवून सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात उठली. मला खरं वाटेना. बंद केली, पुन्हा मारला, पुन्हा उठली. चार महिन्यांत पहिल्यांदा. आनंद व्हायला हवा होता ना? मला भडभडून आलं. मनात आलं ते असं, की माझं तोंड समोर असताना देवानं एक दिवस गाडी धड उठू दिली नाही, आणि मी पाठ फिरवली तशी लगेच उठली. म्हणजे मी नकोसा झालोय म्हणून बायको नेली आणि आता माझं तोंडसुद्धा याला नको आहे. एवढं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत बसलो.

कुणीतरी दारावर थाप मारली. बघतो तर खाली एक धनगरीण उभी. सत्तरीची असेल, डोक्यावरून घोंगडी घेतलेली. तिच्या लोकांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आठवडाभर आमच्या माळाच्या पलीकडं होता, ते मी लांबून पाहिलं होतं. मंगळवारी ते गेवराईच्या पलीकडं चकलांब्याला निघून गेले होते, खतासाठी शेतात मेंढरं बसवायला. एक मेंढी वाटेवरच व्याली, तिचा पाय मुरगळलेला, चालता येईना. म्हणून ही तिला आणि पिल्लाला घेऊन मागं राहिली होती. पिल्लू तिच्या हातात होतं.

"दादा," ती म्हणाली, "तुमी कशापायी रडायलाव ते मी इचारत न्हाई. पर तुमची गाडी गळायली. आमचं पिल्लू खाली सावलीला बसलतं, त्याच्या अंगावर तेल पडलंय बगा."

मी म्हणालो, "मावशी, ही गाडी गळत न्हाई. चार महिने झाले, मिस्त्री शोधून दमला, एक थेंब सापडला न्हाई."

तिनं हात उंचावून पिल्लू माझ्या नाकाशी धरलं. पांढऱ्या लोकरीवर रुपयाएवढा डाग, आणि वास डिझेलचा.

मी तसाच गाडीखाली शिरलो. आणि पडल्या पडल्या मला सगळं दिसलं. ज्यांना गाडीचं काही कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. गाडीचं तोंड चढाकडं असलं की इंजिन उंच आणि टाकी खाली राहते. पाइपाच्या जोडाला बारीकशी फट असेल तर रात्रभरात तिथनं हवा शिरते आणि डिझेल टाकीकडं उतरून जातं. बाहेर थेंब दिसत नाही, सकाळी पाइप रिकामा. सपाटीवर तेवढं उतरत नाही, म्हणून चाचांच्या आवारात सगळं ठीक. आणि तोंड उताराकडं केलं की टाकी वर, इंजिन खाली. मग हवा आत शिरत नाही, डिझेलच त्या फटीतून बाहेर येतं. इतकी वर्षं गाडी एकाच दिशेला लावल्यामुळं जे कुणालाच दिसलं नव्हतं, ते मी रागानं पाठ फिरवली म्हणून दिसलं.

ओलावा इंजिनाजवळच्या जोडावर होता, नव्या पाइपाच्या तोंडाशी. बोल्ट घट्टच होता. पुसून पुसून बघितलं तर तांब्याच्या वायसरखालून, म्हणजे जोडातल्या चकतीखालून, काजळीसारखं एक टोक बाहेर आलेलं. मी बोल्ट खोलला. वायसर आणि जोड यांच्या मधोमध, दाबून चपटा झालेला, काळा दोरा.

तेव्हा आठवलं. दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळी दोरा पाइपावरून दोनदा पडला होता. तिसऱ्यांदा मी बोल्ट थोडा ढिला करून दोऱ्याचा फास वायसरखाली सरकवला होता आणि वरून पान्यानं कचकचून आवळलं होतं. सुमनच्या रिळावरचा तो शेवटचा दोरा. तो पडला असता तर दुसरा बांधायला कुणी नव्हतं. म्हणून मी त्याला सुटूच दिलं नाही. आणि चाचा विचारत होते, कुणी हात लावला का, तेव्हा मी छातीला हात लावून नाही म्हणालो, कारण दोरा बांधणं म्हणजे गाडीला हात लावणं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मी दोरा तळहातावर घेऊन बाहेर आलो आणि जमिनीवर बसलो. त्या म्हातारीला, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं, मी सगळं सांगितलं. सुमनचं, दोऱ्याचं, देवाला बोललो ते, पाठ केली ते. एवढं मी लेकीलाही सांगितलं नव्हतं. ती पिल्लाचं अंग घोंगडीच्या कोपऱ्यानं पुसत ऐकत राहिली. मी शेवटी म्हणालो, "देवाकडं पाठ केली मावशी, हे लई वाईट झालं."

ती म्हणाली, "मेंढरू पाठ फिरवून बसलं म्हून काय धनगराला दिसत न्हाई व्हय? तुमी पाठ केली. त्यानं कुटं केली?" आणि मेंढीकडं बघत म्हणाली, "पानी असंल तर मेंढीला द्या घोटभर."

मी मेंढीला पाणी दिलं. मग पेटीतली नवी वायसर घालून जोड बसवला, हवा काढली, गाडी सुरू केली आणि पुन्हा खंडोबाकडं तोंड करून, चढाला लावली. भंगारवाला येईपर्यंत चार-पाच तास होते. पाइपात हवा शिरत असती तर तेवढ्यात डिझेल उतरून गेलं असतं. त्या वेळात मी एकदाही बॉनेट उघडलं नाही. म्हातारीसाठी दोन भाकरी थापल्या. किती महिन्यांनी माझ्या घरात दोन ताटं मांडली गेली.   शेजारी कुणी जेवतंय, एवढ्यानंसुद्धा घास गोड लागला.

भंगारवाला दुपारी आला. दोन माणसं आणि साखळी घेऊन आला होता. मी म्हणालो, "एक सेल्फ मारतो. न्हाई उठली तर घेऊन जा, मी काय बोलणार न्हाई." केबिनमध्ये बसलो. समोर चढावर खंडोबाचं ठाणं. हात चावीवर होता, पण लगेच फिरवला नाही. सुमनला भंडारा लावायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ नुसता बसलो. मागितलं काही नाही. उठली तर तुझी, नाही उठली तर तुझीच, एवढंच मनात आलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. मग चावी फिरवली. गाडी उठली. भंगारवाला साखळी गोळा करत म्हणाला, "मामा, ही गाडी कापायची न्हाई." मी म्हणालो, "न्हाई."

त्याच दुपारी म्हातारीला, मेंढीला आणि पिल्लाला गाडीत घेऊन मी चकलांब्याला निघालो. निघण्याआधी तो चपटा दोरा बाहेरच्या आरशाच्या दांडीला बांधला. सुमन बांधायची तसा, सैल. लेकीला वाटेतूनच फोन केला, सुट्टीला चार दिवस येईन म्हणालो, राहायला नाही. ती म्हणाली, "आण्णा, आवाज बरा वाटतोय आज तुमचा." चकलांब्याच्या अलीकडं एका शेतात मेंढरं दिसली, म्हातारीचा लेक धावत आला. तिनं उतरताना पिल्लाचं तोंड माझ्या हाताला लावलं आणि मागं न बघता आपल्या माणसांत निघून गेली. ती कोण, कुणी पाठवली, हे मी कुणाला पटवत बसत नाही. तिच्या पिल्लाच्या अंगावर डिझेल सांडलं आणि तिनं मला ते सांगितलं, इतकंच मला ठाऊक आहे.

देवाशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालंय. सुमन का गेली, हे मी त्याला विचारतो. उत्तर अजून आलेलं नाही. पण आता वाटतं, मी तिलासुद्धा त्या दोऱ्यासारखं बोल्टाखाली दाबून धरलं होतं, आणि त्याच फटीतून मी आतून रिकामा होत होतो.

परतीच्या वाटेवर मी एकटाच होतो. गेवराईजवळ आरशात बघितलं तेव्हा दोरा होता. गढी गावाच्या पुढं कुठंतरी पुन्हा बघितलं, तेव्हा दांडी मोकळी होती. पाय ब्रेकवर गेला. मग पाय सावकाश उचलून घेतला, आणि तोंडातून आपोआप आलं, पडला तर पडू दे.